घरकुल मंजूर, जागा दुसऱ्याची: रायगडमधल्या कातकरी वाडीची आखणी

रायगडमधल्या कातकरी वाडीत घरकुलाचे काम बहुधा दोन ठिकाणी अडते. वाडी ज्या जमिनीवर आहे तिच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव असते, त्यामुळे पायाच खणू दिला जात नाही. आणि जिथे खणू दिला जातो तिथे बांधकामाचा हंगाम सुरू होतो तेव्हा घराचा माणूस वीटभट्टीवर गेलेला असतो. पैसा कमी पडतो, ठेकेदार पळतो, शौचालय तुंबते, ही रडगाणी खरीच आहेत. पण ती या दोन अडचणींच्या मागून येतात. वाडीचा नकाशा आणि कामाचे वेळापत्रक या दोन गोष्टी धरून आखले तर निधी तोच असूनही वसाहत उभी राहते. इथे कर्जत, खालापूर, सुधागड, पेण या पट्ट्यातली खासगी जमिनीवरची वाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. हिशेबासाठी ३० कुटुंबे, म्हणजे सुमारे १५० माणसे धरली आहेत.

परिस्थिती

कातकरी किंवा काथोडी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक; उरलेले दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या सुमारे २.८५ लाख होती. खैराच्या झाडापासून कात काढण्याचा धंदा जंगल खात्याच्या निर्बंधांनी इंग्रजी अमदानीतच मोडला. मग शेतमालकाच्या बांधावर, माळावर, ओढ्याकाठी झोपड्या घालून राहायचे आणि बदल्यात त्याची शेती राखायची, लावणी-कापणीला हाताशी असायचे, अशी रीत पडली. मालकाने बसवलेल्या या वाड्यांना कागद कधीच नव्हता. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणाला त्याची गरजही भासली नाही.

भाव आला तो द्रुतगती महामार्ग, फार्महाऊस आणि नवी मुंबईच्या वाढीने. जुन्या मालकाचा मुलगा किंवा नातू जमीन विकतो, नवा मालक तारेचे कुंपण घालतो. विहिरीची वाट बंद होते, मग स्मशानाची. झोपडी मोडायला कुणी येत नाही. दुरुस्तीला हरकत घेतली जाते एवढेच. कुडाची भिंत दर दोन-तीन वर्षांनी नवी करावी लागते, त्यामुळे दुरुस्ती अडवली की घर आपोआप पडते. जनगणनेच्या अर्थाने हे लोक बेघर नाहीत. डोक्यावर छप्पर आहे, पण ते उद्या असेल याची हमी नाही, आणि वर्षातले सहा महिने तेही सोडून भट्टीवरच्या कच्च्या विटांच्या खोपटात राहायचे.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी झारखंडमधल्या खुंटी इथून पीएम-जनमन ही योजना सुरू झाली. देशभरातल्या ७५ अतिअसुरक्षित समूहांसाठी २४,१०४ कोटींची तरतूद, त्यात ४.९० लाख घरे. घरामागे २ लाख रुपये, शिवाय रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० रुपये. २०२४-२५ च्या २९७ रुपये दराने ९० दिवसांचे २६,७३० होतात, म्हणजे एकूण साधारण २.३९ लाख. घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर. पैसा आधीच्या कुठल्याही घरकुलापेक्षा बरा आहे. जागा मात्र लाभार्थ्याने दाखवायची, आणि घोडे अडते ते तिथेच.

जागेचा कागद

पहिले काम मोजमापाचे नसून जमिनीचा प्रकार ठरवण्याचे असते. एकाच वाडीत आठ घरे खासगीत, पाच वनखात्याच्या हद्दीत आणि बाकीची गुरचरणात असे सर्रास निघते. तलाठ्याकडून गटवार सातबारे आणि गावनकाशा काढायचा, त्यावर प्रत्येक झोपडी जागेवर उभे राहून खुणवायची. हे पावसाळ्यात करावे. लोक तेव्हाच वाडीत असतात. जानेवारीत केलेल्या सर्वेक्षणात भट्टीवर गेलेली कुटुंबे 'आढळून आली नाहीत' म्हणून सुटतात आणि यादीत नाव चढवायला पुन्हा वर्ष जाते.

खासगी जमिनीसाठी हाताशी असलेला सर्वांत दुर्लक्षित कायदा म्हणजे १९४८ चा कुळकायदा. त्याचे कलम १६ मालकाच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधून राहणाऱ्या कुळाला त्या घरातून हुसकावण्यास मनाई करते. कलम १७ प्रमाणे मालक ती जागा विकणार असेल तर पहिला हक्क राहणाऱ्याचा, आणि किंमत न्यायाधिकरण ठरवते. कलम १८ हेच संरक्षण शेतमजूर आणि कारागिरांना देते. कातकरी कुळ म्हणून नोंदलेला जवळजवळ नसतोच. म्हणून दावा कलम १८ खाली, शेतमजूर म्हणून मांडावा लागतो. इथे चूक होते ती पुराव्यात. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा हा मालकीचा कागद समजून लोक निर्धास्त राहतात. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही, पण वहिवाट सिद्ध करायला तो उपयोगी पडतो. त्याच्या जोडीला जुनी मतदार यादी, शाळेच्या दाखलखारजाची नोंद, रेशनकार्ड, वीजबिल, लसीकरणाची वही आणि शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब अशी चळत जमवली की प्रकरण उभे राहते. किमान चार कागद वेगवेगळ्या खात्यांचे असावेत.

मालकाशी गोडीगुलाबीने मिटत असेल तर मुद्रांकावर नोटरी केलेले संमतीपत्र घेऊन काम सुरू करण्याचा मोह होतो. ग्रामसेवकही तेवढ्यावर मान डोलावतो. मालक गेल्यावर वारसांना ते बंधनकारक ठरेल याची शाश्वती नसते, आणि वादात पक्के घर अडकते. नोंदणीकृत खरेदीखत किंवा बक्षीसपत्रच हवे. त्यात तुकडेबंदीचा कायदा आडवा यायचा. गुंठ्या-दोन गुंठ्यांची शेतजमीन विकता येत नसे. ग्रामीण घरकुलासाठी लाभार्थ्यामागे १,००० चौरस फुटांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने खरेदीची वाट आता उघडली आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला आधी ५० हजार मिळत, पुढे ते १ लाख झाले. महामार्गालगत गुंठ्याचा भाव काही लाखांत आहे. तिथे ही रक्कम एकट्याच्या उपयोगाची नाही. तीस कुटुंबांनी एकत्र येऊन रस्त्यापासून आत, डोंगराच्या अलीकडे एकच पट्टा घेतला तरच जमते.

वनजमिनीवरची घरे २००६ च्या वनहक्क कायद्यात बसतात. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो. शेतीइतकाच राहण्यासाठीचाही दावा करता येतो; पण फॉर्म भरताना फक्त शेतीचा रकाना भरला जातो आणि घराखालची जागा सुटते. दळीच्या, म्हणजे वनखात्याने डोंगरउतारावर कसायला दिलेल्या, जमिनी कसणाऱ्यांकडे जुन्या नोंदी असतील तर त्या पहिल्या जोडाव्यात. दावा निकाली निघेपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला हटवता येत नाही, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. एक गैरसमज मात्र वारंवार भेटतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली काढलेल्या अधिसूचनेने लगतच्या वनजमिनीवर घरे बांधायची मुभा दिली, ती अनुसूचित क्षेत्रापुरती. पालघर, ठाण्यातल्या काही तालुक्यांना ती लागू आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्या अधिसूचनेचा हवाला देऊन केलेले अर्ज रायगडात परत येतात, आणि मधले एक वर्ष फुकट जाते.

गुरचरणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल दाखवून फायली बंद केल्या जातात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय आदेशाने दिलेल्या जागांचा अपवाद ठेवला आहे. अर्जात तो परिच्छेद शब्दशः उतरवून द्यावा. कारकून निकालपत्र काढून वाचत बसत नाही.

जमीन कुठल्याही वाटेने मिळाली तरी शेवट गावठाणात व्हायला हवा. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवतात. एप्रिल २०२० पासूनची स्वामित्व योजना, म्हणजे ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणे, गावठाणाच्या आतल्या घरांसाठीच आहे. गावठाणाबाहेरची वाडी ड्रोनच्या खालून सुटते.

जागेची निवड आणि नकाशा

मिळेल ती जागा घ्यायची घाई इथे घातक ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ती ठाकरांची वाडी होती, पण डोंगरउतारावरच्या कातकरी वाड्यांची गोष्ट वेगळी नाही. जागा पाहताना उताराच्या माथ्यावर भेगा आहेत का, झाडे वाकडी वाढली आहेत का, पावसात नवा झरा फुटतो का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावे. उतार पायऱ्यांसारखा कापून सपाटी करण्यापेक्षा घरे समपातळीच्या रेषेवर विखुरलेली बरी. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर, रुंदी अर्धा मीटर आणि खोली तेवढीच, घरांच्या आधी खणावा. नंतर त्यासाठी पैसे उरत नाहीत.

दुसरी अट पोटाची. नदीतले मासे, खेकडे, मोळी, रानभाजी यांवर पावसाळा निघतो. नदी आणि जंगल पायी अर्ध्या तासाच्या पलीकडे गेले तर लोक नवे घर बंद करून जुन्या जागेवर परततात. पुनर्वसनाच्या वसाहती ओस पडतात त्याचे कारण बहुतेक वेळा एवढे साधे असते.

प्लॉटच्या आकारात सरकारी हिशेब सर्वांत जास्त चुकतो. सरकारी प्लॉट धरला जातो ५०० चौरस फुटांचा, म्हणजे ४६ चौरस मीटर. २५ चौरस मीटर आतले क्षेत्र हवे तर बाहेरून घर ६.२ बाय ५ मीटर होते, ३१ चौरस मीटर. समोर १.८ मीटरचा ओटा धरला की ४२. उरलेल्या चार चौरस मीटरमध्ये शौचालय, त्याचे दोन खड्डे, लाकडे, कोंबड्यांचा खुराडा आणि शेळी बसत नाही. पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात आणि पहिल्या पावसातच भांडण होते. दीड गुंठा, म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर, हे काम देणारे माप आहे. खरेदीने जागा घेतली तर हजार चौरस फुटांवर, म्हणजे गुंठ्याला जरा कमी, भागवावे लागते. अशा वेळी लाकडे आणि जनावरांसाठी सामाईक जागा वाढवायची.

तीस कुटुंबांना दीड गुंठ्याने ४५ गुंठे, पुढच्या पिढीसाठी आठ मोकळे प्लॉट म्हणजे १२ गुंठे, आणि वाटा, चर, विहीर, अंगणवाडी, देवाची जागा, अंगणे यांना ३३ गुंठे. एकूण ९० गुंठे, सव्वादोन एकर. मुख्य वाट ६ मीटर ठेवावी, टँकर आणि १०८ ची गाडी वळली पाहिजे. आतल्या वाटा ३ मीटर पुरतात. घरे ओळीत न लावता भावकीप्रमाणे पाच-सहा घरांची अंगणे करावीत. भट्टीवर जाताना म्हातारी आणि लहान पोरे भावकीच्याच भरवशावर ठेवली जातात. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले की ती व्यवस्था मोडते. कोणाच्या शेजारी कोण, हे बायकांना वेगळे बसवून विचारावे. सभेत पुरुष जे सांगतात त्याहून उत्तर वेगळे येते.

घर

पाया मुरूम लागेपर्यंत, साधारण एक मीटर खोल आणि पाऊण मीटर रुंद. पूर्ण घराला सुमारे ५.७ ब्रास खोदाई होते आणि जोत्याच्या भरावाला तेवढाच मुरूम लागतो. जोते जमिनीपासून ६० सेंटिमीटर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात एक फुटाचे जोते म्हणजे ऑगस्टभर ओली जमीन आणि पोरांना खोकला. जोत्यावर ओलरोधक थर विसरला जातो, कारण तो फोटोत दिसत नाही.

२३ सेंटिमीटरच्या भिंतींना आणि एका आतल्या पातळ भिंतीला मिळून सुमारे ७,००० विटा लागतात. भट्टीवर एक जोडपे दिवसाला हजाराच्या आसपास विटा थापते, म्हणजे एका घराच्या विटा हा त्यांचा आठवड्याभराचा हात आहे. माती आणि परवानगी असेल तिथे वाडीतच भट्टी लावावी. हे कसब त्यांना शिकवावे लागत नाही. दक्षिणेकडच्या तालुक्यांत जांभ्याचा चिरा जवळ मिळतो, तिथे तोच स्वस्त.

छपराचा निर्णय पैशाचा तोल ठरवतो. सगळ्यांना स्लॅब हवा असतो. पक्के घर म्हणजे स्लॅब, असे आजूबाजूचे बंगले पाहून ठरलेले आहे. ३१ चौरस मीटरच्या दहा सेंटिमीटर स्लॅबला २५ पोती सिमेंट आणि अडीचशे किलोच्या आसपास सळई लागते, शिवाय सेंटरिंगचे भाडे. दोन लाखांत तो ओतला की गिलावा, दारे-खिडक्या आणि फरशी राहते, आणि बिनगिलाव्याची भिंत कोकणातल्या पावसात पाणी पिते. उतरते छप्पर घ्यावे. ओट्यासह सुमारे ६७ चौरस मीटर उतार होतो, त्याला हजारभर मंगलोरी कौले. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत माकडे कौले फोडतात आणि सहा महिने बंद घरात ते कळतही नाही. तिथे रंगीत पत्रा आणि खाली दहा सेंटिमीटर पोकळी सोडून बांबूच्या चटईचे छत. नुसत्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये कुणी बसत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात छपरे उडवली ती बहुतेक भिंतीला न बांधलेली होती. भिंत चालू असतानाच दर सव्वा मीटरला १२ मिलिमीटरची सळई ६० सेंटिमीटर खाली गाडून वर आणावी आणि वासा ज्यावर बसतो ती तुळई तिला जखडावी. खिळा काही मिनिटांच्या वाऱ्यात उपसतो. पत्र्याला वॉशरसह स्क्रू, तेही लाटेच्या उंचवट्यावर. खोलगटात मारला की पहिल्याच पावसात गळती. पागोळी भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे, त्याहून जास्त नको, नाहीतर वारा तिलाच धरून छप्पर उचलतो.

चुलीची जागा आत काढून दिली तरी चूल ओट्यावर येते. गॅस सिलिंडर भरून आणायला पैसे नसतात आणि धूर घरात कुणाला नको. म्हणून ओट्याच्या एका टोकाला दीड मीटर आडोशाची भिंत आणि लाकडांना कोरडा कोनाडा नकाशातच दाखवावा. माळा हवाच, कुलूप लावता येईल असा. भांडी, बियाणे आणि कागदपत्रे सहा महिने कुठे ठेवायची हा प्रश्न शहरी आराखडे काढणाऱ्यांना पडतच नाही.

हंगामाचा पेच

कोकणात पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हटतो, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो. बांधकामाला मिळतात ते हेच आठ महिने. भट्टीचा हंगामही तोच. पावसाळ्यात काम नसते, घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. काही जण तिला बयाना म्हणतात. श्रावण-भाद्रपदात घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर जोडपे पोरांसह निघते आणि अक्षय तृतीयेनंतर, कधी पावसाच्या तोंडावर परतते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद आहे, तरी उचलीचा हिशेब मालकाच्या वहीत राहतो.

अशा कुटुंबाच्या खात्यात डिसेंबरात घरकुलाचा पहिला हप्ता येतो. मग ठेकेदार प्रकटतो: तुम्ही जा भट्टीवर, मी बांधून ठेवतो. बँकेत सोबत जाऊन पैसे काढून घेतो, लिंटलपर्यंत भिंत आणतो, फोटो काढून दुसरा हप्ता उचलतो आणि थांबतो. छपराचा हप्ता छपराशिवाय मिळत नाही, आणि छपरासाठी पैसे उरलेले नसतात. काही ठिकाणी हप्ता थेट उचल फेडण्यात किंवा दवाखान्यात जातो. त्याला गैरवापर म्हणून वसुलीची नोटीस काढणे सोपे आहे. पण उपाशी घरात आलेला पैसा आधी पोटाला जाणार हे आखणी करणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे.

तोड म्हणजे सगळ्यांना थांबवणे नव्हे. तीस घरे एका हंगामात बांधायची तर सात-आठ गवंडी सलग पाच महिने लागतात. घरामागे सुमारे ३५ गवंडी-दिवस धरावेत. दोन हंगामांत पंधरा-पंधरा घरे केली तर चार गवंडी पुरतात आणि वाडीतून आठ-दहा माणसे थांबली तरी काम चालते. या थांबणाऱ्यांची निवड जुलैत, उचल घ्यायच्या आधी व्हायला हवी. त्यांना भट्टीवर जे मिळाले असते तेवढे आगाऊ देणारा फिरता निधी बचत गटाकडे किंवा संस्थेकडे असावा. रोजगार हमीची मजुरी उशिरा येते. ती आली की निधीत परत. मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी रोख द्यावी. पंधरवड्यावर गेली की माणूस भट्टीला जातो.

दसरा ते दिवाळी हे तीन आठवडे सोन्याचे. सगळी वाडी घरी असते, जमीन ओली आणि खणायला मऊ असते. तेवढ्यात पंधरा घरांचे पाये खणून जोते भरून घ्यावे. डिसेंबर ते मार्च भिंती, एप्रिलअखेर छप्पर, मे महिन्यात गिलावा आणि शौचालय. पहिल्या हंगामात कोणाची घरे? जिथे विधवा किंवा म्हातारे वाडीतच राहतात त्यांची. ती माणसे पाणी मारतात, सामान राखतात, आणि पावसाळ्यात दोन कुटुंबे त्यांच्याकडे निभावतात. नव्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायचे काम बंद घरावर कुणीच करत नाही. भिंतींना पहिल्या वर्षी पडणाऱ्या भेगांमागे हे एक मोठे कारण आहे.

पाणी, शौचालय, वीज

माणशी ५५ लिटरने वाडीला दिवसाला ८,२५० लिटर पाणी लागते. टाकी बांधून नळ जोडला म्हणजे झाले, असे नसते. नळाला पाणी पुरवणारी, उद्भवाची विहीर खासगी जमिनीत असेल तर ती कुंपणाआड जाते. विहिरीची जागा आणि तिकडची वाट ग्रामपंचायतीच्या नावे नोंदवल्याशिवाय नळयोजनेला हात लावू नये.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचे, प्रत्येक खड्डा एक मीटर व्यासाचा, मीटरभर खोल, जाळीदार वीटकामाचा. भातखाचराशेजारच्या जमिनीत ऑगस्टमध्ये पाणी हातभर खोलीवर येते, खड्डा उलटा भरतो आणि शौचालयात लाकडे रचली जातात. तिथे खड्डे उथळ घ्यावेत, भराव करून उंचावर आणावेत, तळ बंद करून भोवती अर्धा मीटर जाड वाळूचा वेढा द्यावा. विहिरीपासून १५ मीटर अंतर, उताराच्या खालच्या बाजूला.

विजेचे मीटर घेतले की घर बंद असतानाही स्थिर आकार चढत जातो. जूनमध्ये परतल्यावर थकबाकी आणि तुटलेली तार. भट्टीला निघण्यापूर्वी सहा महिन्यांचे आगाऊ भरण्याची सोय बचत गटामार्फत करता येते. जमत नसेल तर दोन दिवे आणि मोबाइलपुरता सौर संच बरा.

घराभोवतीची माणसे

आधार द्यायचा तो कशाला, हे ठरवताना समुपदेशन केंद्र वगैरे शब्द बाजूला ठेवलेले बरे. कातकरी वाडीत आधार म्हणजे पावसाळ्यातले चार महिने. त्या दिवसांत धान्य आणि हाती थोडे पैसे असतील तर उचल छोटी होते, आणि उचल छोटी झाली की कुटुंबातला एक तरी माणूस वाडीत राहतो. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. अतिअसुरक्षित समूह त्याला पात्र आहेत. पण कार्डात नाव, आधारवर दुसरे नाव, बँकेत तिसरे, असा घोळ असतो. जातीचा दाखला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास मागतो. पुरावा नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे गृहचौकशीचा अर्ज करावा. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने वाडीतच शिबिर लावले तर दोन दिवसांत होणारे काम आहे. माणसे एकेकटी तालुक्याला गेली तर प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडते.

पोरांसाठी हंगामी वसतिगृह, वाडीतच, बहुउद्देशीय केंद्राच्या, म्हणजे वाडीच्या सामाईक इमारतीच्या, एका खोलीत. आजीच्या हाती स्वयंपाक दिला तर मुले राहतात. आश्रमशाळेत घातलेली पोरे शिमग्याला घरी येतात आणि परत जात नाहीत. दारूचा प्रश्न आहेच, आणि घर मिळाल्याने तो सुटत नाही. म्हणून हप्त्याचे खाते बाईच्या किंवा दोघांच्या नावे ठेवावे आणि रोख काढायला दोघांचाही अंगठा लागेल अशी व्यवस्था बँकेशी आधीच बोलून करावी.

देखभालीला प्रत्येक घराकडून महिन्याला थोडी वर्गणी, हा कागदी उपाय झाला. सहा महिने माणसेच नसतात. परतल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कौले फिरवणे, चर साफ करणे, वाळवी पाहणे हे दोन दिवस सगळ्या वाडीने मिळून करावे आणि त्याचे सामान, म्हणजे शंभर कौले, दोन पोती सिमेंट, स्क्रू-वॉशरचा डबा, बहुउद्देशीय केंद्रातच कुलपात असावे.

मोकळ्या ठेवलेल्या आठ प्लॉटांवर पहिल्या दोन वर्षांतच डोळा जातो. कधी पाहुणा नातेवाईक खोपट घालतो, कधी ग्रामपंचायत तिथे व्यायामशाळा सुचवते. हे प्लॉट नकाशावर क्रमांकासह दाखवून, ग्रामसभेच्या ठरावाने फक्त वाडीतल्या नव्या कुटुंबांसाठी राखीव ठेवावेत आणि ठरावाची प्रत गावठाणाच्या प्रस्तावालाच जोडावी. पोरगा लग्न झाल्यावर पहिली काही वर्षे बापाच्या ओट्यावर संसार मांडतो. तिथून त्याने पुन्हा कुणाच्या बांधावर झोपडी घालायला जाऊ नये, यासाठी प्लॉट देताना एकच नियम: लग्नानंतर सलग दोन पावसाळे वाडीत काढलेल्या जोडप्याला, दोघांच्या नावे.